आयर्लंडमधले घर आणि टाकीविना गरम पाणी

टाकीविना गीझर पाणी साठवून ठेवत नाही. नळ उघडला की पाणी त्यातून वाहू लागते, वाहता वाहता तापते आणि नळ बंद होताच तापवणेही थांबते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ‘इन्स्टंट गीझर’ म्हणून जे मिळते त्यात एक ते तीन लिटरची छोटी टाकी असतेच, पण तत्त्व जवळपास हेच. फायदे उघड आहेत. जागा कमी लागते, वापरले तेवढेच पाणी तापते आणि शेवटी अंघोळीला जाणाऱ्याच्या वाट्याला गार पाणी येत नाही. अडचण एकच, पण मोठी. साठवणीच्या गीझरला जी उष्णता दोन तासांत सावकाश द्यायची असते, ती इथे दहा मिनिटांत द्यावी लागते. त्यासाठी विजेची किंवा गॅसची भरपूर ताकद हवी आणि यंत्र सुरू होण्याइतका पाण्याला दाब हवा.

आयर्लंडमध्ये या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. म्हणून डब्लिन, कॉर्क किंवा गॉलवेत नव्याने घर घेतलेल्या मराठी कुटुंबाने दुकानातली मॉडेले पाहण्याआधी स्वतःचे घर पाहावे. थंड पाणी कुठून येते, मीटरच्या पेटीतला मुख्य फ्यूज किती अँपिअरचा आहे आणि रस्त्याखाली गॅसची वाहिनी आहे की नाही, एवढे कळले की निम्म्याहून अधिक पर्याय आपोआप गळतात. उरलेल्यांत निवड करणे फारसे कठीण नसते.

हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. त्यावरून सोपे सूत्र निघते: यंत्राच्या किलोवॅटला १४.३ ने गुणावे आणि पाणी जितके अंश तापवायचे आहे त्या आकड्याने भागावे. उत्तर येते ते मिनिटाला मिळणारे लिटर. पुण्यात हिवाळ्यातही नळाचे पाणी २० अंशांच्या आसपास धरता येते. ते ४० अंशांवर नेताना ३ किलोवॅटचा गीझर मिनिटाला दोन लिटरहून थोडे जास्त पाणी देतो. १५ लिटरची बादली सात मिनिटांत भरते आणि बादलीने अंघोळ करणाऱ्याचे त्यात छान भागते. डब्लिनमध्ये ऐन हिवाळ्यात तेच पाणी सहा-सात अंशांवर येते. मग त्याच ३ किलोवॅटमधून मिनिटाला जेमतेम सव्वा लिटर मिळते. हात धुवायला तेवढे पुरे, शॉवरखाली उभे राहायला नाही. आयर्लंडचा वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे भारतासारखाच. त्यामुळे सामानातून गीझर नेण्याची कल्पना कुणाला सुचतेही. वर केलेला भागाकार पाहिला तर ती सोडून द्यावी.

मोठ्या ताकदीचे विजेचे यंत्र बसवले तर? जर्मनीत घराघरांत १८, २१ किंवा २४ किलोवॅटचे टाकीविना गीझर सर्रास दिसतात, कारण तिथे घरगुती जोडणीही तीन फेजची, ४०० व्होल्टची असते. आयर्लंडमधले सामान्य घर सिंगल फेजवर चालते. घरोघरी वीज पोहोचवणाऱ्या ईएसबी नेटवर्क्सची नेहमीची घरगुती जोडणी १२ केव्हीएची असते आणि तिचा मुख्य फ्यूज बहुधा ६३ अँपिअरचा. वाढीव जोडणी घेतली तरी ती १६ केव्हीएची. २१ किलोवॅटचे यंत्र एका फेजवर चालवायचे तर ९१ अँपिअर लागतील. थोडक्यात, अख्ख्या घराला पुरेल असा विजेचा टाकीविना गीझर आयर्लंडमध्ये जवळपास बाद आहे. इंटरनेटवरच्या अमेरिकी किंवा जर्मन जाहिराती वाचून तो मागवण्याआधी मीटरची पेटी उघडून पाहिलेली बरी.

दुसरा अडसर पाण्याचा. जुन्या आयरिश घरांत रस्त्यावरच्या मुख्य वाहिनीचे पाणी थेट येते ते बहुधा फक्त स्वयंपाकघरातल्या थंड नळाला. बाकीचे सगळे पाणी आधी माळ्यावरच्या टाकीत चढते आणि तिथून उताराने न्हाणीघरात उतरते. इमारतीच्या गच्चीवर टाक्या पाहत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही, फरक उंचीचा आहे. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. दुमजली आयरिश घराच्या माळ्यावरची टाकी वरच्या मजल्यावरच्या शॉवरच्या फार तर दोन मीटर वर असते, म्हणजे दाब ०.२ बारच्या आसपास. वाहिनीच्या दाबावर चालण्यासाठी बनवलेल्या गीझरला साधारण एक बार तरी लागतो. तेवढा मिळाला नाही तर त्यातला दाबाचा स्विच लागतच नाही आणि नवेकोरे यंत्र भिंतीवर नुसते शोभेला राहते. ब्रिटिश संकेतस्थळावरून स्वस्तात मागवलेल्या शॉवरच्या बाबतीत नेमके हेच होते. ब्रिटनमध्ये खपणारे बरेच इलेक्ट्रिक शॉवर वाहिनीच्या दाबासाठी असतात. आयर्लंडमध्ये टाकीच्या पाण्यावर चालणारे, आत छोटा पंप असलेले लागतात. खोक्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

हा पंपवाला इलेक्ट्रिक शॉवर म्हणजेच आयर्लंडचा खरा टाकीविना गीझर. ट्रायटन कंपनीचा टी ९० इतक्या घरांत आहे की कित्येक प्लंबरांच्या तोंडी इलेक्ट्रिक शॉवर आणि ‘टी नाइन्टी’ हे एकच. अंघोळीच्या जागी भिंतीवर पांढरी प्लास्टिकची पेटी, तिला एक चालू-बंद करण्याचे बटण, एक ताकद कमी-जास्त करण्याची कळ आणि एक तापमानाची. बाजूला किंवा दाराबाहेर छतातून दोरी लोंबते. ती ओढली की वर लाल दिवा लागतो आणि मगच पेटीला वीज मिळते. भारतातून आलेले आईवडील पहिल्या सकाळी गार पाण्याखाली कुडकुडतात ते बहुतेक वेळा या दोरीमुळे. न्हाणीघरात साधा स्विच किंवा सॉकेट बसवायला परवानगी नसल्याने ही दोरी आली.

तापमानाच्या कळीमागची गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे. ती कळ फिरवल्याने विजेची ताकद बदलत नाही, पाण्याची धार बदलते. ‘गरम’कडे फिरवली की धार बारीक होते, आतल्या तारेवरून पाणी सावकाश जाते आणि म्हणून जास्त तापते. त्यामुळे तोच शॉवर जूनमध्ये मिनिटाला पाच लिटर देतो आणि जानेवारीत साडेतीन. हा बिघाड समजून मेकॅनिकला बोलावण्यात अर्थ नाही. आणखी एक खुबी पेटीवरच्या आकड्यात आहे. ब्रिटिश कंपन्या आपली ताकद बहुधा २४० व्होल्टला मोजून सांगतात. तिथे ९ किलोवॅट असलेले यंत्र आयर्लंडच्या २३० व्होल्टला सुमारे ८.३ किलोवॅटच भरते. नीट पाहिले तर तांत्रिक पट्टीवर दोन्ही आकडे बारीक अक्षरांत छापलेले असतात.

८.३ किलोवॅट म्हणजे ३६ अँपिअर. ६३ अँपिअरच्या घरात एका माणसाची अंघोळ चालू असताना बाकी सगळ्या घराला २७ अँपिअर उरतात. ओव्हन, किटली आणि कपडे वाळवण्याचे यंत्र एकाच वेळी चालू असेल तर काठावरचा मामला. म्हणून शॉवरला फ्यूजबोर्डापासून स्वतंत्र जाड तार, बहुधा १० चौरस मिलिमीटरची, आणि ३० मिलिअँपिअरचे आरसीडी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारे, संरक्षण लागते. घरात दोन न्हाणीघरे आणि दोन इलेक्ट्रिक शॉवर असतील तर दोन्ही एकदम चालू होऊ नयेत यासाठी प्राधान्य ठरवणारे उपकरण बसवतात: एकात पाणी सुरू असेल तर दुसरा सुरू होत नाही. सकाळी सात वाजता शाळा आणि ऑफिस दोन्ही गाठायची असलेल्या कुटुंबाला ही मर्यादा चांगलीच जाणवते.

दुसरा मार्ग गॅसचा. कॉम्बी बॉयलर म्हणजे घर उबदार ठेवणारा आणि त्याच वेळी नळाचे पाणीही तापवणारा बॉयलर, वेगळ्या टाकीशिवाय. कुणी गरम नळ उघडला की आतला झडपेचा काटा फिरतो, रेडिएटरकडे जाणारी उष्णता काही मिनिटांसाठी नळाकडे वळते. २४ किलोवॅटचा कॉम्बी हिवाळ्यातही मिनिटाला दहा लिटर देतो, म्हणजे इलेक्ट्रिक शॉवरच्या जवळजवळ तिप्पट. शेजारच्या ब्रिटनमध्ये हेच यंत्र सर्वाधिक प्रचलित आहे. आयर्लंडमध्ये ते मागे राहिले याचे कारण पुन्हा माळ्यावरची टाकी. कॉम्बीला वाहिनीचे दाबाचे पाणी हवे, आणि आयरिश घराकडून मात्र एक दिवस पुरेल इतके पाणी साठवून ठेवण्याची अपेक्षा असते. यातून वाट निघते ती पंपाची. पंप माळ्यावरच्या टाकीतून पाणी ओढतो आणि दाबाने बॉयलरला देतो. वाहिनीलाच थेट पंप जोडणे मात्र करू नये. त्याने शेजाऱ्यांचे पाणी ओढले जाते आणि वाहिनीत घाण शिरण्याचा धोका असतो.

वाहिनीचा जोर किती आहे हे घरच्या घरी कळते. स्वयंपाकघरातला थंड नळ पूर्ण उघडून दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजावे. मिनिटाच्या आत भरली तर एका न्हाणीघराच्या घराला कॉम्बीचा विचार करता येतो. दीड-दोन मिनिटे लागली तर विषय तिथेच संपला. ही मोजणी सकाळी आठला आणि रात्री अशी दोनदा करावी, कारण सगळी वसाहत उठलेली असताना दाब वेगळा असतो.

गॅस सगळीकडे नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. कॉर्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात १९७० च्या दशकात किन्सेल हेडचा वायू सापडला, तो पुढे डब्लिनपर्यंत आला आणि शहराशहरांत वाहिन्या पडल्या. पण पश्चिमेचा आणि वायव्येचा मोठा भाग आजही वाहिनीबाहेर आहे. डॉनेगॉलमध्ये घर घेतले तर मागच्या अंगणातली तेलाची टाकी आणि तेलावरचा बॉयलर हेच बहुधा वास्तव असते. एलपीजीच्या मोठ्या टाकीवर कॉम्बी चालतो, पण ते इंधन महाग पडते. डब्लिनमधल्या काही नव्या अपार्टमेंट-संकुलांत तळघरात सामायिक बॉयलर असतो आणि प्रत्येक फ्लॅटच्या कपाटात उष्णता अदलाबदल करणारी छोटी पेटी. ती पेटी टाकीविना गीझरच असते. फक्त निवड बिल्डरने आधीच केलेली असते.

खर्चाच्या बाबतीत एक गैरसमज पक्का बसलेला आहे: टाकी नाही म्हणजे बिल कमी. आकडे मांडून पाहावे. विजेचा युनिट ३५ सेंट धरला तर ९ किलोवॅटच्या शॉवरखाली आठ मिनिटांच्या अंघोळीला १.२ युनिट, म्हणजे ४२ सेंट लागतात. आयर्लंडमध्ये गॅसचा युनिट विजेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याला मिळतो. १२ सेंट धरू. कॉम्बीखाली तीच आठ मिनिटे, पण धार मिनिटाला आठ लिटरची. ६४ लिटर पाणी तापवायला बॉयलरची गळती धरून सुमारे २.८ युनिट गॅस जळतो, म्हणजे ३४ सेंट. इंधन तिप्पट स्वस्त, अंघोळ मात्र जेमतेम पाचव्या हिश्श्याने स्वस्त, कारण पाणी दुपटीहून अधिक वापरले. चार माणसांच्या घरात बिल यंत्राच्या जातीपेक्षा अंघोळीच्या लांबीवर जास्त ठरते. पाण्याचे वेगळे बिल घरगुती ग्राहकाला येत नाही. २०१५ मध्ये सुरू झालेली पाणीपट्टी प्रचंड विरोधानंतर २०१६ मध्ये थांबवली गेली. त्यामुळे धार कमी ठेवण्याची आठवण करून देणारे तिथे काही नाही.

आता ज्याला काढून टाकायचे त्या जुन्या सिलिंडरची, म्हणजे गरम पाणी साठवणाऱ्या टाकीची, बाजू. आयरिश घरात जिन्याच्या वळणावर किंवा वरच्या मजल्यावर एक कपाट असते, त्याला ‘हॉट प्रेस’ म्हणतात. त्यात तांब्याचा सिलिंडर आणि त्याच्या वरच्या फळ्यांवर टॉवेल, चादरी. ओल्या हवेच्या देशात कोरडे कपडे ठेवण्याची हीच एक हमखास जागा. सिलिंडरमध्ये ३ किलोवॅटची विजेची तार, म्हणजे इमर्शन, असते आणि तिच्या स्विचवर दोनच शब्द: ‘सिंक’ आणि ‘बाथ’. पहिल्याने वरचे थोडे पाणी तापते, दुसऱ्याने सगळे. इमर्शन चालू राहिले म्हणून घरात होणाऱ्या आरड्याओरड्यावर डेस बिशप या विनोदी कलाकाराने केलेला प्रयोग आयर्लंडमध्ये घरोघरी माहीत आहे. ती धास्ती अगदीच निराधार नाही. १२० लिटर पाणी १० अंशांवरून ६० वर न्यायला सात युनिट लागतात, म्हणजे ३५ सेंटच्या दराने जवळजवळ अडीच युरो.

पण दर दिवसभर सारखा राहिलेला नाही. स्मार्ट मीटर आल्यापासून बहुतेक कंपन्यांच्या योजनांत संध्याकाळी पाच ते सात वीज सर्वात महाग आणि रात्री अकरा ते सकाळी आठ स्वस्त असते. सिलिंडर पहाटे स्वस्त विजेवर तापवून ठेवता येतो. छतावर सौर पॅनेल असतील तर दुपारची उरलेली वीज त्यातच मुरवता येते. टाकीविना यंत्राला ही सोय नाही. संध्याकाळी सहाला अंघोळ करणाऱ्याला सहाचाच दर पडतो.

वीज गेल्यावर तर फरक आणखी स्पष्ट होतो. २४ जानेवारी २०२५ ला एओविन वादळाने आयर्लंडमधल्या ७ लाख ६८ हजार घरांची आणि दुकानांची वीज तोडली आणि काही ठिकाणी ती परत यायला दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला. इलेक्ट्रिक शॉवर त्या काळात बंद असणार हे उघडच आहे, पण कॉम्बीही बंद होते: ठिणगी, पंखा आणि पंप यांना वीज लागतेच. चांगले वेष्टन असलेला सिलिंडर निदान एक दिवस कोमट पाणी देतो, आणि ज्यांच्याकडे मागे पाण्याची पेटी असलेली शेगडी आहे त्यांचे तर काहीच अडले नाही.

नव्या घरात हा प्रश्नच उरत नाही. २०१९ च्या बांधकाम नियमांनंतर बांधलेल्या घरांत बहुधा हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घर आणि पाणी तापवणारे विजेचे यंत्र, असतो. हीट पंपाची ताकद सहा ते दहा किलोवॅट. वाहते पाणी तापवायला ती अपुरी, म्हणून त्याला सिलिंडर हवाच. २०३० पर्यंत जुन्या घरांतही ४ लाख हीट पंप बसवण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. ज्याला पाच-सात वर्षांत तिकडे वळायचे आहे त्याने आज सिलिंडर उपटून कॉम्बी लावणे म्हणजे दोनदा खर्च. हॉट प्रेसची जागा एकदा गेली की परत मिळवताना भिंती फोडाव्या लागतात.

पाण्याचा स्वभावही पाहावा. विकलोच्या ग्रॅनाइट डोंगरांतून येणारे पाणी मऊ असते. देशाच्या मधल्या चुनखडीच्या पट्ट्यात ते जड असते. जड पाण्याचा पांढरा क्षार तापल्या तारेवर बसतो, तार आतून जास्त तापते आणि जळते. शॉवरच्या चाळणीची भोके बुजली तरी पाणी अडून हाच परिणाम होतो. महिन्यातून एकदा चाळणी काढून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवणे एवढी देखभाल पुरते. अंघोळ झाल्यावर आधी बटण बंद करावे आणि थोडे थांबून दोरी. काही मॉडेले या वेळात आतले उकळते पाणी बाहेर सोडतात, नाहीतर पुढच्या माणसाच्या अंगावर ते येते.

महाराष्ट्रात बंद न्हाणीघरात लावलेल्या गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन याने पहिला गॅस गीझर काढला त्यालाही धुराडे नव्हते. दीडशे वर्षांनंतर तीच उणीव जीव घेते आहे. आयर्लंडमध्ये असे उघड्या ज्योतीचे यंत्र न्हाणीघरात चालत नाही. बॉयलर बाहेरची हवा घेतो आणि धूर बाहेरच सोडतो. भाड्याच्या घरात गरजेप्रमाणे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म देणे घरमालकावर बंधनकारक आहे. गरम पाण्याच्या सोयीसह शॉवर किंवा बाथ पुरवणे हीसुद्धा त्याचीच जबाबदारी. भाडेकरूने परस्पर यंत्र बदलू नये, लेखी मागणी करावी.

मग निवड कशी होते? जुने दुमजली घर, माळ्यावर टाकी, तीन-चार माणसे: सिलिंडर ठेवावा, त्याला जाड वेष्टन करावे आणि एका न्हाणीघरात पंपवाला इलेक्ट्रिक शॉवर लावावा. बहुसंख्य आयरिश घरांनी हेच केले आहे आणि त्यात चूक काही नाही. एक न्हाणीघर, गॅस, वाहिनीला चांगला दाब आणि जागेची टंचाई असलेल्या छोट्या घराला कॉम्बी शोभतो. माळ्यावरच्या खोलीत किंवा गॅरेजमधल्या बेसिनला हात धुण्यापुरते ३ किलोवॅटचे छोटे यंत्र पुरते. दोन न्हाणीघरे एकाच वेळी वापरणाऱ्या कुटुंबाने टाकीविना गीझरच्या नादी लागू नये. त्यांना मोठा सिलिंडर आणि पंप हेच योग्य.

काम कुणाकडून करून घ्यावे यात मात्र निवडीला वाव नाही. गॅसचे काम नोंदणीकृत गॅस इन्स्टॉलर, म्हणजे आरजीआय, यानेच करावे असा कायदा आहे आणि शॉवरसाठी नवी तार ओढायची तर ‘सेफ इलेक्ट्रिक’कडे नोंदलेला कंत्राटदार लागतो. दोघांचीही नावे संबंधित संकेतस्थळांवर तपासता येतात. काम झाल्यावर दोघेही प्रमाणपत्र देतात. ते हातात आल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नयेत, आणि ते जपून ठेवावे. घर विकताना खरेदीदाराचा वकील ते मागू शकतो.